बरोबरीची कुस्ती

बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत ज्याचे बालपण गेले, त्याला पहाटेच्या दोन आवाजांची ओळख करून देण्याचे कारण नाही. एक काकडआरतीच्या घंटेचा आणि दुसरा तालमीतल्या जोर-बैठकांचा. आमच्या गावी मारुतीचे देऊळ आणि तालीम यांच्यामध्ये एकच भिंत असल्याने हे दोन्ही आवाज एकमेकांत मिसळूनच कानी पडतात. तालमीचा दरवाजा मुद्दाम बुटका ठेवलेला आहे. केवढाही मोठा मल्ल असो, त्याला वाकूनच आत जावे लागते. आत हौद, हौदात तांबडी माती. तीत ताक, हळद, तेल, लिंबाचा रस आणि कापूर मुरलेला. त्या मातीचा वास एकदा अंगाला लागला की माणूस पन्नाशी ओलांडून गेला तरी तो विसरत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. मी मल्ल कधीच नव्हतो. लहानपणी जत्रेत रेवड्यांवरच्या दोन कुस्त्या खेळलो आणि दोन्ही हरलो, एवढीच माझी त्या क्षेत्रातली कामगिरी.

अशा माणसावर चार मल्लांना घेऊन जिल्ह्याच्या कुस्तीस्पर्धेला जाण्याची वेळ यावी, हा योगायोगच म्हटला पाहिजे. आमच्या शाळेच्या व्यायामशिक्षकांची बदली झाली होती आणि नवे शिक्षक अद्याप यायचे होते. सतरा वर्षांखालील गटात आमची चार मुले तालुक्यात पहिली आली होती. ही चारही मुले नावाला शाळेची. खरे पाहता ती तालमीची. वस्तादांनीच त्यांना घडवले होते. म्हणून मी प्रथम त्यांच्याकडेच गेलो आणि आपणच बरोबर चलावे अशी विनंती केली.

वस्तादांनी हौदातली माती पायाने सारखी करीत शांतपणे सांगितले, "गुरुजी, गादीवरचं मला काय कळतंय? तिथं शिट्टी वाजते, आकडे पडतात. मी जाऊन गप बसणार. त्यापरीस तुम्हीच जावा. तुम्ही शिकलेली माणसं."

आमच्याकडे मॅटला सर्रास गादी म्हणतात. पुढे महाराष्ट्रात 'महाराष्ट्र केसरी'च्या स्पर्धेत माती विभाग आणि गादी विभाग असे दोन वेगळे विभाग असतात, दोन्हींतले विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात, आणि ती अखेरची लढत गादीवर होते, हे कुस्तीचा शौक असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण आमच्या गावाने गादी पाहिली होती ती दूरदर्शनवरच. आमची सारी परंपरा मातीची. कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ साली सुरू झाले. तेव्हापासून आमच्या बाजूच्या किती पिढ्यांनी तिथल्या तालमींची वाट धरली याची मोजदाद नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावे आमच्या पोरांना तालुक्याच्या गावांइतकीच परिचयाची. चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे यांनी १९५९ साली पहिला 'हिंद केसरी' किताब मिळविला. त्यांचा जुना फोटो आमच्या तालमीत मारुतीच्या तसबिरीशेजारी आजही टांगलेला आहे आणि दर शनिवारी त्यालाही हार पडतो.

त्या चार मुलांपैकी अठ्ठेचाळीस किलोच्या मुलाविषयी मला विस्ताराने लिहायचे आहे. बाकीच्या तिघांची हकीकत थोडक्यात सांगता येईल.

त्याच्या वडिलांचा दुधाचा रतीब आहे. घरी तीन म्हशी. त्यांतल्या एका म्हशीचे दूध गेली तीन वर्षे रतिबाला न घालता मुलाच्या खुराकासाठी राखून ठेवलेले. शहरातल्या वाचकांना यातला त्याग एकदम ध्यानात येणार नाही. ज्याचे घर दुधाच्या पैशांवर चालते, त्याने तिसरा हिस्सा दूध मुलाला पाजायचे म्हणजे आपल्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा रोज सकाळी त्याच्या पेल्यात ओतायचा. शिवाय बदाम, तूप, केळी आहेतच. मुलाने जिल्ह्यात पहिला क्रमांक मिळवावा, म्हणजे तो विभागीय स्पर्धेत खेळेल. तिथे निवड करणाऱ्यांच्या नजरेस पडला तर क्रीडा वसतिगृहात प्रवेश मिळेल. मग खुराकाचा भार सरकार उचलील आणि ती तिसरी म्हैस पुन्हा रतिबाला लागेल, असा त्या गृहस्थाचा साधा हिशेब होता. निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने तो मला शाळेच्या कट्ट्यावर बसून समजावून सांगितला आणि "आता तुमच्यावर सोपवलंय सर," म्हणून हात जोडले.

स्पर्धेच्या ठिकाणी पोचल्यावर पहिली अडचण आली ती बुटांची. मातीत लढणाऱ्याला पादत्राण ठाऊक नाही. गादीवर मात्र घोटा आवळून धरणारे, टाचेशिवायचे विशिष्ट बूट लागतात. आमच्याकडे चौघांत मिळून दोनच जोड होते, तेही तालुक्याच्या स्पर्धेच्या वेळी उसने आणलेले. एक मुलगा गादीवरून उतरला की दुसऱ्याने त्याच्या पायातले घामेजलेले बूट ओढून काढायचे आणि आपल्या पायांत चढवायचे, असा दिवसभर कार्यक्रम चालला. लंगोटाऐवजी अंगाला चिकटणारा लाल किंवा निळा पोशाख. तो घालून आमची पोरे इतकी अवघडली की एकमेकांकडे बघून खाली माना घालून हसू लागली.

गादी मी प्रथमच जवळून पाहिली. मध्यभागी नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ, त्याच्या कडेला आतल्या बाजूने एक मीटर रुंदीचा नारिंगी पट्टा, आणि बाहेर पडणाऱ्याला लागू नये म्हणून सभोवार आणखी गादी. दोन कोपरे, एक लाल, एक निळा. प्रत्येक कोपऱ्यात एक खुर्ची. त्या खुर्चीवर मल्लाच्या मार्गदर्शकाने बसायचे. लाल कोपऱ्यातल्या त्या खुर्चीवर मी, मराठीचा एम. ए., सदरा-पायजमा आणि खांद्यावर शबनम अशा थाटात जाऊन बसलो.

पहिल्या तिघांतला एक पहिल्याच फेरीत गेला. समोरच्याने दोन्ही पायांना हात घातला आणि आमच्या पोराने अंग सावरण्यापूर्वीच त्याची पाठ गादीला लागली. मातीत कुस्ती सुरू होते ती सलामीने आणि खडाखडीने. हाताला हात, मानेला मान लावून मल्ल एकमेकांचा जोर अजमावतात. प्रसंगी अर्धा-अर्धा तास नुसती घासाघीस चालते. पायाखालची माती चिमटीत घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर टाकायची, पकड घट्ट करायची, दम काढायचा. गादीवर या साऱ्याला अवकाशच नाही. तिथे पायाखाली माती नाही. आहे तो घामाचा निसरडेपणा. या वयोगटाला दोन-दोन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती, एवढाच सारा खेळ. दुसरे दोघे उपान्त्य फेरीपर्यंत गेले. त्यांतल्या सुताराच्या मुलाने मारलेली ढाक पाहून बाजूच्या गादीवरचे पंचसुद्धा क्षणभर वळून पाहू लागले. पण पुढच्या कुस्तीत त्याचा दम तुटला.

अठ्ठेचाळीस किलोचा मात्र तीन कुस्त्या मारून अंतिम फेरीत आला. एक चितपट, दोन गुणांवर. त्याचा प्रतिस्पर्धी जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, कानडी शाळेतला मुलगा होता. अंगाने किंचित उंच, नजर मोठी सावध. त्याच्या कोपऱ्यात एक साठीचे वस्ताद बसले होते. डोक्याला रुमाल, मांडीवर वही.

पहिल्या दोन मिनिटांत दोघांनीही फारसे काही केले नाही. प्रतिस्पर्धी मागे मागे सरत होता. पंचांनी त्याला आधी ताकीद दिली, मग निष्क्रिय ठरवून तीस सेकंदांची मुदत दिली. त्या मुदतीत त्याला गुण घेता आला नाही, तेव्हा नियमाप्रमाणे आमच्या मुलाला एक गुण मिळाला. दुसऱ्या डावात तो उंच मुलगा एकदम अंगावर आला आणि रेटारेटीत आमच्या मुलाचा पाय वर्तुळाबाहेर पडला. त्याला एक गुण. एक विरुद्ध एक. घड्याळात पन्नास सेकंद शिल्लक होते.

आणि मग, वाचकहो, जे घडले ते मी अजून डोळ्यांसमोरून हलवू शकलेलो नाही. आमच्या मुलाने आपला पवित्रा खाली केला, समोरच्याचे दोन्ही मनगट धरले आणि बचावाला लागला. समोरचाही शांत झाला. मला वाटले, ठीक आहे, बरोबरी आहे, पोराने धोका पत्करायचे टाळले हे शहाणपणाचेच. आता जादा वेळ देतील आणि त्यात तो ढाक लावील. कानडी वस्ताद समोरून आपल्या पठ्ठ्याला एकच शब्द पुन्हापुन्हा सांगत होते. मला त्याचा अर्थ कळत होता. "साकु, साकु." पुरे, पुरे. त्यांना काय पुरे वाटते आहे, याचा विचार करण्याचे माझ्या मनात आले नाही. मी खुर्चीवर गप्प बसून राहिलो.

शिट्टी झाली. आमच्या पोराने हसत हसत पुढे होऊन प्रतिस्पर्ध्याला मिठी मारली. आमच्या जत्रेच्या फडात बरोबरीत सुटलेल्या कुस्तीला मोठा मान आहे. दोन्ही पठ्ठ्यांना फेटे बांधतात, इनाम वाटून देतात, हलगीवाला दोघांपुढे वाजवीत फडाला फेरी मारतो. तीच रीत त्याच्या रक्तात. पंचांनी दोघांची मनगटे धरली आणि उंच मुलाचा हात वर केला. आमच्या मुलाने आपला दुसरा हात आपणहूनच अर्धा वर नेला होता. तो तसाच राहिला.

मी तक्रार करण्यासाठी टेबलाकडे निघालो होतो. एवढ्यात ते कानडी वस्ताद माझ्याकडे आले आणि त्यांनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला घेतले. अर्धे कानडी, अर्धे मराठी असे आमचे संभाषण झाले. गुण सारखे झाले तर ज्याने मोठ्या गुणांचा डाव मारला तो जिंकतो. तेही सारखे असेल तर ज्याला सावधगिरीच्या ताकिदी कमी त्याला. तेही सारखे असेल तर शेवटचा गुण ज्याने घेतला तो विजयी. गादीवर बरोबरी नसतेच. "तुमचा पोरगा चांगला आहे, सर," ते म्हणाले, "शेवटच्या पन्नास सेकंदांत तो माझ्या पोराला घेऊन आपटेल म्हणून मी घाबरलो होतो. तो थांबला कशाला?"

याला मी काय उत्तर देणार?

परतीच्या बसमध्ये मुलगा खिडकीशी बसला होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. हुक्केरी मागे पडल्यावर म्हणाला, "सर, ढाक लागली असती. तो सरळ उभाच होता की." एवढेच. त्याच्या स्वरात माझ्याविषयी राग नव्हता. कोपऱ्यात बसणाऱ्याने काही सांगायचे असते, हीच गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. मातीच्या फडात वस्ताद बाहेर बसून ओरडतो खरा. पण बरोबरीत हार असते, हे तिथे कोणाला ओरडून सांगावे लागत नाही.

घरी आल्यावर मी शाळेची फाईल काढली. स्पर्धेच्या परिपत्रकाला जोडलेले नियमांचे पत्रक तिच्यात होते. नऊ पाने, कानडी आणि इंग्रजीत. त्यावर माझ्याच अक्षरात 'पाहिले' असा शेरा आणि खाली सही. तीस वर्षांच्या नोकरीत असे किती कागद मी 'पाहिले' असतील!

त्या रात्री मला राहून राहून खाशाबा जाधवांची आठवण येत होती. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला. मातीत घडलेल्या त्या शरीराला गादी परकीच होती, तरी फ्लायवेट गटात त्याने सहावा क्रमांक मिळविला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे तर पैसा नाही. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात, म्हणजे सत्तावन्न किलोत, खाशाबांनी ब्राँझपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत केशव माणगावे यांचे पदक एका क्रमांकाने हुकले, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. आणि परवा २०२४ साली पॅरिसला अमन सेहरावतने ब्राँझ घेतले ते याच सत्तावन्न किलोच्या गटात.

खाशाबांची ही कथा मी दरवर्षी नववीच्या वर्गात सांगतो. मुले घर गहाण टाकल्याच्या ठिकाणी नेहमी स्तब्ध होतात. परंतु याच कथेतला दुसरा एक भाग मी घाईने उरकीत असे. जपानच्या शोहाची इशीबरोबरची खाशाबांची कुस्ती लांबली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेयोव्हशी लढायला बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. पण तो नियम पुढे करून भांडायला त्या वेळी तिथे भारताचा कोणी अधिकारी हजर नव्हता, असे सांगितले जाते. दमलेले खाशाबा उभे राहिले आणि हरले. इतकी वर्षे मी ही हकीकत सांगताना त्या गैरहजर अधिकाऱ्यांवर आसूड ओढीत आलो. मी तर हजर होतो, खुर्चीवर होतो, आणि नियमही माझ्या फाईलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रथम मुलाच्या वडिलांकडे गेलो आणि जे घडले ते न लपवता सांगितले. ते म्हशीची धार काढीत होते. धार न थांबवता त्यांनी ऐकून घेतले. "मग यंदा नाही तर नाही," ते म्हणाले आणि थोड्या वेळाने, "अजून एक वर्ष वय आहे न्हवं त्याचं?" मी होय म्हणालो. त्यांनी भरलेल्या चरवीतून पेला भरला आणि तो माझ्याकडे न देता पोराला हाक मारून त्याच्या हाती दिला. मला त्यात अपमान वाटला नाही.

वस्तादांना सांगणे अधिक कठीण गेले. मला वाटले होते, ते गादीला नावे ठेवतील. त्यांनी तसे काही केले नाही. "म्हणजे पोरगा पडला नाही, पाठ लागली नाही, आणि हरला?" असे त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "गुरुजी, ते कागद घेऊन संध्याकाळी या. मला वाचून दाखवा."

त्यानंतर पंधरा-वीस संध्याकाळी आमचे हे वाचन चालले. मी तालमीच्या पायरीवर बसून एकेक कलम मराठीत सांगावे आणि वस्तादांनी ते आपल्या भाषेत फिरवून पाहावे. उभ्याला खाली घेऊन मागून कब्जा मिळविला की दोन गुण, हे त्यांना लगेच पटले, "मागं गेला म्हणजे सवारी झाली, बरोबर हाय." पाठ जमिनीकडे कलली तरी गुण, हे प्रथम रुचले नाही. "टेकली न्हाई तर गुण कसला?" पण दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "घोळात पाठ दिसली म्हणजे मल्ल निम्मा मेलाच. द्यावेत दोन." खालच्याने उलटून वर येणे याला एक गुण, हे ऐकून ते नाराज झाले, त्यांच्या मते त्याला दोन हवेत, आणि माझेही मत आता तसेच झाले आहे. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते, हे त्यांनी मला तीनदा वाचायला लावले. इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधण्यात आमची एम. ए.ची पदवी प्रथमच उपयोगी पडेल असा माझा समज होता. प्रत्यक्षात प्रत्येक गोष्टीला तालमीत आधीपासूनच शब्द होता. मी फक्त आकडे पुरवीत होतो.

शेवटच्या गुणाचे कलम आले त्या दिवशी वस्ताद उठून आत गेले आणि सुतळीचा गुंडा घेऊन आले. हौदाला लागून जे मोकळे अंगण आहे, तिथे त्यांनी मध्ये खुंटी ठोकली, साडेचार मीटर सुतळी माझ्याकडून टेपने मोजून घेतली आणि फक्कीने नऊ मीटरचे वर्तुळ आखले. वर भाताचा पेंढा पसरला, त्यावर जुन्या ताडपत्रीचे तुकडे ओढून घट्ट बांधले. गादी नव्हेच ती. पण रिंगण खरे होते. माझे मनगटी घड्याळ त्यांनी मागून घेतले. ते अजून त्यांच्याकडेच आहे.

हल्ली रोज संध्याकाळी मातीतली मेहनत आटोपली की पोरे त्या रिंगणात येतात. वस्ताद खुंटीवर बसल्यासारखे कडेला उकिडवे बसतात. एक विरुद्ध एक, पन्नास सेकंद बाकी, असे ते स्वतःच जाहीर करतात आणि जोड लावतात. कोण हरतो आहे ते मुलांनीच ओळखायचे. परवा मी शाळेतून घरी जाताना तिथे थांबलो. अठ्ठेचाळीस किलोचा तो आता एक्कावन्न किलोचा झाला आहे. तो आणि सुताराचा मुलगा मनगटे धरून उभे होते.

वस्तादांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेले आणि ओरडून विचारले, "शेवटचा गुण कुणाचा रे?"

"त्याचा!" असे म्हणता म्हणताच त्याने खाली वाकून सुताराच्या पोराचा पट काढला.